टायरमधली घटपर्णी

"त्याच माणसाला पुन्हा देणार, बाबा?"

मठातल्या शिष्याने, विश्रामने विचारलं. रेवणगिरी बाबांनी नर घटपर्णीची फांदी कापली, ओल्या शेवाळात गुंडाळली आणि पंक्चर काढणाऱ्या इलाहीच्या हातात ठेवली.

"आधीच्या सगळ्या वाळल्या, बाबा," इलाही ओशाळून म्हणाला.

"वाळली तर परत ये."

विश्रामच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पानांच्या टोकाला सुरया लटकवून किडे गिळणारी ही वेल ज्या डोंगरावरची, तिथे आता दगडाची खाण होती. मठात उरल्या होत्या दोनच, एक नर आणि एक मादी. आणि बाबा येईल त्याला प्रसादासारख्या फांद्या वाटत सुटले होते.

"तो मारणार तिला."

"हं..."

बाबा यात्रेला गेले तशी विश्रामने वेलींभोवती जाळी ठोकली, कुलूप घातलं. मागायला आलेल्यांना दारातूनच वाटेला लावलं. स्वतः मात्र उठता बसता पाणी घालत राहिला. नर वेल मुळातून कुजली.

दोन वर्षांनी बाबा परतले त्या दिवशी मादीला फुलं आली होती.

"जिवापाड जपलं, बाबा. तरी हे असं," विश्राम चिडून म्हणाला. "नर नाही, तर बी कुठून धरणार? ही म्हातारी वेल गेली की संपलं सगळं."

"इलाहीकडे जा."

"त्याच्याकडे? त्याने तर..."



विश्राम धुसफुसत गेला. दुकानात पंक्चर बघायच्या पाण्याच्या टबावर जुना टायर टांगला होता. त्यात बाबांनी दिलेल्या फांदीची नर वेल फुलांनी लगडली होती.

 मठातली नर वेल कुजल्याचं विश्रामने कसंबसं सांगितलं. इलाहीने फुलांचा तुरा तोडून दिला. वर एक फांदी कापून ओल्या फडक्यात बांधली.

"वाळली तर परत या, महाराज."

विश्रामने तो तुरा मादीच्या फुलांवर हलकेच फिरवला. पुढे बोंडं धरली, पिकली. केसासारखं बारीक बी ओंजळीत घेऊन तो बाबांसमोर उभा राहिला.

"आता एकही वाया जाऊ देणार नाही. सुरक्षित जागा सांगा, बाबा."

बाबांनी त्या ओंजळीकडे पाहिलं.

"ज्यांना दारातून परत लावलंस, त्यांची घरं माहीत आहेत ना?"