सरकारांची उंच जीप

"डांबरी रस्त्यावर दगडासारखं कडक आणि नदीच्या वाळूत लोण्यासारखं मऊ! असं एकच टायर पाहिजे मला, चारही चाकांना. सोमवारी हजर कर शेठ, नाहीतर मंगळवारी दुकानाची जागा रिकामी कर!"

एवढं बोलून सर्जेराव सरकार जीपमध्ये चढले. चढले म्हणजे खरोखरच चढले, कारण हौसेपायी त्यांनी गाडी चार इंच उचलून घेतली होती.

बसप्पाशेठ तोडकर मटकन फळीवर बसले. दुकान त्यांचं, पण जागा सरकारांची. आणि चूक? तीही शेठचीच!

गाडी उचलल्यावर जुनी चाकं बारीक दिसू लागली. "पैलवानाला बगळ्याचे पाय लावल्यागत दिसतंय," सरकार म्हणाले. शेठनी लगेच दुकानातली सगळ्यांत मोठी टायरं चढवली. स्टीअरिंग वळवलं की ती मडगार्डला घासायची! आठवडाभर सरकार फक्त सरळ रस्त्यावरच्या गावांना जात होते. मग शेठनी आरशासारख्या चकचकीत, परातीएवढ्या रिमा आणल्या. त्यांच्यावर रबर मात्र बांगडीएवढं! शिवाय शेठची जुनी खोड अशी, की हवा काठोकाठ भरायची, टायरवर बुक्की मारायची आणि म्हणायचं, "ठण्ण! बघा, नगारा!"

तो नगारा पल्याडच्या मळ्याकडे निघाला आणि माणगंगेच्या कोरड्या पात्रात पोटापर्यंत रुतला. बाहेर काढायला सहा बैल लागले, तेही व्याह्यांच्या देखत! व्याही एवढंच म्हणाले, "आमची बैलगाडी, सरकार, दोनच बैलांवर चालते."

म्हणून ही जगावेगळी मागणी.

शेठनी पुण्याला फोन केला, कोल्हापूरला केला. कोल्हापूरचा व्यापारी म्हणाला, "असलं टायर मिळालं तर मलाही एक ठेवा!" शेवटी शेठ कपाळाला हात लावून बसले. समोर हौसाक्का ट्यूब घासत होती. पंधरा वर्षं ती या दुकानात पंक्चर काढत होती.

"शेठ, गाडी कुठनं जानार, त्ये इचारलं हुतं का सरकारास्नी?"

"तू पंक्चर काढ!"

"त्ये काढतेच. पन ह्ये टायर मी निवडू का? तुमी निवडल्यालं दोन डाव बघितलं की गावानं."

शेठनी मान डोलावली. तीस वर्षांत त्यांनी गिऱ्हाइकाला रंग विचारला, चकाकी विचारली, चहात साखर किती तेही विचारलं. रस्ता मात्र कधी विचारला नव्हता.

हौसाक्कानं जीप मागवली. स्टीअरिंग दोन्हीकडं शेवटपर्यंत वळवलं, वाकून सुतळीनं जागा मोजली. मग दुकानाच्या मागं धूळ खात पडलेला चार चाकांचा जोड ओढून काढला. बाहेरून उंच, पण रिम लहान, काळी, आणि टायरचे गाल, म्हणजे बाजूचं रबर, चांगले वीतभर रुंद.

"अगं, हे दोन वर्षं कुणी घेतलं नाही!"

"तुमी कुनाला दावलंत? ह्ये चमकत न्हाई न्हवं!"

सोमवारी सरकार आले. नव्या चाकांवर जीप रस्त्यावर पळवून बघितली. वळणावर घासली नाही, डुललीही नाही. "कडक आहे," सरकार गुरगुरले. "आता वाळू! पण ऐक बाई. चाक बदलायचं नाही, चाकाला काही बांधायचं नाही, आत काही घालायचं नाही. आणि बैल तर नकोच!"

"जी सरकार."

नदीकाठी हौसाक्का चाकाशी उकिडवी बसली आणि खिळ्याच्या टोकानं वॉल्व्ह दाबला. फुस्सऽऽ!

"अगं बये!" शेठ किंचाळले. "माझं तीस वर्षांचं नाव चाललं!"

"जाऊ द्या शेठ, त्येच्याच वजनानं गाडी रुतत हुती."

"हे काय चाललंय?" सरकारांनी भुवया चढवल्या.

"सरकार, घालायचं न्हाई म्हनालात. काढायचं न्हाई, असं कुठं म्हनालात?"

पस्तीस पौंडांची हवा पंधरावर आली. रुंद गाल फुगले, टायर वाळूवर ऐसपैस पसरलं.

"पिठाचा गोळा परातीत एका जागी बसतुया," हौसाक्का म्हणाली. "थापला की त्याचीच भाकरी परातभर. वजन पसरलं, तर वाळू कशाला गिळंल? दमानं चला म्हंजे झालं."

सरकारांनी गाडी खालच्या गिअरमध्ये टाकली. एक हात, दोन हात, आणि जीप म्हशीसारखी निवांत पैलतीराला लागली!

पण सरकार ते सरकार. तिकडूनच ओरडले, "आणि पुढं डांबरी लागलं की? असल्या मऊ चाकावर पळवलं तर टायर रिम सोडंल! आता पुन्हा कडक कर!"

हौसाक्का वाळू तुडवत पलीकडं गेली, मागं धापा टाकत शेठ. तिनं सीटमागून पायपंप काढला आणि शेठच्या पायापाशी ठेवला.

"हे काय?" शेठ म्हणाले.

"सरकारास्नी कडक बी पायजे, मऊ बी पायजे. मऊ करायची अक्कल मी दिली. आता कडक तुमी करा. फुगवायचा सराव हाय की तुमास्नी तीस वर्सांचा!"

सरकारांनी एकदा पंपाकडं बघितलं, एकदा शेठकडं. मग असे हसले, असे हसले, की मडगार्डला धरून खाली बसले! शेठनी धोतर खोचलं आणि पंप मारायला सुरुवात केली. दुसऱ्या चाकाला त्यांची टोपी कानावर आली, आणि तिसऱ्या चाकाला त्यांनाही हसू आवरेना.

"शेठ, जागा तुझीच राहिली," डोळे पुसत सरकार म्हणाले. "पण रस्त्याकडचा निम्मा गाळा आजपासून या बाईचा. भाडं माफ!"

चौथ्या चाकावर वाकलेले बसप्पाशेठ पंप न थांबवता म्हणाले, "सरकार, आख्खाच द्या की तिला! मी हवा भरायला राहतो!"