धुकटीचा दगडी वाफा

धारेच्या वाडीत सडजाईच्या देवळापुढे दगडांचा एक उतरता वाफा आहे. नवखी माणसे तो पाहून आधी हसतात, कारण त्यात माती दिसतच नाही. नुसते काळे दगड, एकमेकांत दाबून बसवलेले. श्रावणात मात्र त्यांच्या फटींतून धुकटी वर येते. वीतभर देठ आणि त्यावर निळसर पांढरी फुले. हे फूल खरे तर वरच्या सड्यावरचे, कड्यामाथ्याच्या खडकाळ पठारावरचे, ढगांतले. ते खाली कसे आले, ते इथली जुनी माणसे अशी सांगतात.

सडजाईला श्रावणात धुकटीच लागते. पूर्वी त्यासाठी दरसाल एक गडी भर पावसात कडा चढून जाई. एका साली बिरू झोरे गेला, आणि शेवाळावरून त्याचा पाय सुटला. मागे त्याची बायको ठकू राहिली आणि तिचा पदर धरून उभा असलेला धाकटा दीर, धुळू.

ठकू देवीपुढे गेली. म्हणाली, "आई, तुझं फूल मी तुझ्या दारात लावते. पण पुन्हा कुणाचा माणूस मागू नको."

उन्हाळ्यात कडा कोरडा असे. तेव्हा ती वर जाऊन कंद घेऊन आली. चांगल्या मातीत, शेणखत घालून लावले, तर पहिल्याच पावसात कुजून गेले. पुढच्या उन्हाळ्यात ती सड्यावर नुसती बसून राहिली आणि पाहिले, तर कंद खडकाच्या फटीत, जिथे पाणी ठरत नाही तिथेच होते. मग तिने देवळापुढे उतार काढला, खोलवर दगड रचले, सांदीत मुरूम भरला. शेणाची चिमूटही नाही. धुळू दगड वाहत होता, हात लावीत होता. पाणवठ्यावर बायका हसत.

"ठके, दगड पेरलेस गं! आता गोटे उगवतील."

"उगवू देत. तुझ्या चुलीला तीन देईन," ठकू म्हणे.

काही वर्षांनी धुकटी फुलली. त्या साली कडा कुणी चढला नाही. धुळू मोठा झाला, ठकूने त्याचे लग्न करून दिले. कंद कसा जपायचा, हे वाडीत त्या दोघांनाच ठाऊक होते.

पायथ्याला खोत राहत. त्यांच्या बायकोने ते फूल पाहिले आणि हट्ट धरला, की हे आपल्या अंगणात हवे, आणि दुसरीकडे कुठे नको. खोतांनी धुळूला बोलावून घेतले.

एकदा वळवाच्या दिवसांत ठकू माहेराहून परतली, तर वाफ्यातले दगड उलथेपालथे पडलेले. ती धावत घरी आली. दारात धुळू उभा होता. डोक्याला नवे कोरे पागोटे.

ठकूने पागोट्याकडे पाहिले. "सगळे दिलेस?"

"खोतांनी मागितले, वैनी. नाही कसं म्हणू?"

"त्यांना सांगितलंस तरी, खत नको म्हणून?"

धुळूने सांगितले नव्हते. खोतांच्या माळ्याने खत घातले, वर दोन वेळा पाणी घातले, आणि हा शेजारी उभा राहून गप्प बसला होता. आषाढात तिथले सगळे कंद सडले. वाडीतले कुणी खोतांना जाब विचारायला गेले नाही. श्रावण लागला तेव्हा तीच माणसे देवळात बसली आणि म्हणाली, "झोऱ्यांच्या घरातून गेलं, झोऱ्यांनीच आणावं. धुळू, तू चढ."

धुळूची बायको पोटुशी होती. ती चौकटीला धरून उभी राहिली. ठकूने तिच्याकडे एकदा पाहिले, खुंटीवरचा दोर आणि टोपली घेतली आणि पावसात निघाली. कुणी तिला अडवले नाही. धुळू मागोमाग कड्यापर्यंत गेला, म्हणे.

बऱ्याच वेळाने धुक्यातून दोराला बांधलेली टोपली खाली आली. फुललेली धुकटी, मुळाशी दगडमुरूम तसाच. धुळूने ती सोडवून घेतली. मग दोर वर ओढला गेला.

"वैनी, खाली ये!"

वरून आवाज आला, "इथं माझं कुणी उपटून नेत नाही, धुळ्या. जा घरी. ती वाट बघत असंल."

पाऊस उघडल्यावर धुळू वर जाऊन आला. सड्यावर कुणी नव्हते. काही म्हणतात, ती पलीकडच्या खोऱ्यात उतरली. काही म्हणतात, धुक्यात गेली. धुळूने तिने लावले होते तसेच कंद लावले, आणि त्यानंतर फुलासाठी कड्यावर कुणाला जावे लागले नाही.

आजही धुकटी फुलली, की झोऱ्यांच्या घरातला थोरला कड्याखाली जाऊन उभा राहतो आणि वर तोंड करून हाक मारतो, "वैनी, खाली ये!" सारी वाडी त्याच्या मागे गप्प उभी असते. हाक कड्यावर आपटून परत येते. ती पुरती विरेपर्यंत कुणी फुलाला हात लावत नाही.