रानडुकराची पाणपोई

ओढ्याकाठच्या एका रानात एक रानडुक्कर राहत असे. त्याचा कंदांचा धंदा होता. पहाटे उठून ते ओढ्याची दरड उकरी आणि निघालेले गोड कंद चिंचेखाली मांडून बसे. माकडे जांभळे आणत, अस्वले मध आणत आणि बदल्यात कंद घेऊन जात. धंदा असा तेजीत होता की डुकराला मान वर करायला फुरसत नसे. तशीही डुकराला मान फारशी वर करता येत नाही, पण ते राहू द्या.

झाले काय, मुलांनो, उकरलेली सगळी माती ओढ्यात पडू लागली. खालच्या अंगाला पाण्याचा नुसता राडा झाला. हरिणीच्या पाडसाचे पोट दुखू लागले, सशाची पिल्ले मलूल झाली. रानात कुजबुज सुरू झाली आणि चिंचेखालची गर्दी ओसरली. डुकराला घोर लागला. गिऱ्हाईक तुटले तर घरच्या पिल्लावळीचे कसे व्हायचे?

ते कोल्ह्याकडे गेले. कोल्हा सल्ला द्यायला नेहमीच मोकळा. तो म्हणाला, "शेठ, उकरणं थांबवू नका. एक पाणपोई घाला. वर मोठी पाटी लावा, म्हणजे बोलणाऱ्यांची तोंडं आपोआप बंद होतील."

डुकराला ते पटले. वडाच्या सावलीत मडकी मांडली गेली. माकडे डोंगरावरच्या झऱ्याचे स्वच्छ पाणी आणून ती भरू लागली. सुतारपक्ष्याने ढोल बडवला, कोल्ह्याने लांबलचक भाषण ठोकले. "शेठ मोठ्या मनाचे," असे जो तो म्हणू लागला. डुक्कर हरभऱ्याच्या झाडावर चढले. आपण एवढे पुण्य करतो, मग दोन कंद जास्त काढले तर बिघडले कुठे, असे म्हणत ते दरड उकरत उकरत वर वर सरकले.

एके सकाळी माकड रिकामे मडके घेऊन परत आले. "शेठ, हे बुडवू कशात? काल तुम्ही झऱ्याच्या तोंडाशीच उकरलंत. तिथेही आता चिखल आहे."

पाणपोईपाशी हरिणी पाडसाला घेऊन उभी होती. तिने आवाज चढवला नाही. "दादा, आम्ही डोंगरापलीकडे निघालो. बाकीचेही येतायत. तुम्ही पाणी पाजलंत, त्याचे उपकार आहेत. पण आम्हांला पाणपोई नको होती हो. आमचा ओढा हवा होता."

डुकराने मदतीसाठी कोल्ह्याकडे पाहिले. "पलीकडच्या रानात एका लांडग्याला माझा सल्ला हवाय," असे पुटपुटत कोल्हा पसार झाला. डुकराला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"ताई, पाऊस पडेपर्यंत थांब," ते म्हणाले. "उकरणं सोडतो असं म्हणणार नाही, माझं पोट त्यावर आहे. पण उकरायची रीत बदलतो."

त्या दिवसापासून डुकराने दरडीला तोंड लावले नाही. ते दूर माळावर उकरू लागले. प्रत्येक कंदाचा डोळा, म्हणजे जिथून कोंब फुटतो तो देठाकडचा तुकडा, ते परत खड्ड्यात ठेवी आणि वर माती दाबी. काही डोळे त्याने दरडीतही पुरले. मेहनत दुप्पट झाली आणि माल निम्मा. गिऱ्हाइकांना ते सरळ सांगे, "यंदा एवढंच आहे, सांभाळून घ्या." गिऱ्हाइके कुरकुरली, पण थांबली. हरिणीही थांबली. पावसात डोळ्यांना कोंब फुटले, वेल माजले, त्यांच्या मुळांनी दरड धरून ठेवली. पाऊस सरला तसा नितळ पाण्यातून ओढ्याचा तळ दिसू लागला. पुढच्या हंगामात कंद इतके निघाले की चिंचेखाली जागा पुरेना.

अशाच एके दिवशी लांबून आलेला एक तहानलेला गवा विचारू लागला, "एवढं मोठं रान, आणि एक पाणपोई नाही? इथे कोणी दानशूर शेठ नाही की काय?"

"शेठ आहेत," हरिणी म्हणाली, "म्हणून तर पाणपोई लागत नाही. तो बघा ओढा, पोटभर प्या."

पलीकडे डुक्कर एका खड्ड्यावर माती दाबत होते. त्याने ते ऐकले आणि पुढचा खड्डा बुजवायला घेतला.

तात्पर्य : एका हाताने ओरबाडून दुसऱ्या हाताने वाटणे हे दान नव्हे, ज्याच्या कामातच दुसऱ्याचे भले असते, त्याचाच धंदा टिकतो.