कोपरा अजून काळा हवा

“याहून काळं कसं करायचं, चाचा?”

श्रीरंग ओगलेनं हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला. इस्माईलचाचा बशीतला चहा फुंकत होते. त्यांनी बशी संपवली, मिशा पुसल्या आणि मग टेबलावर पसरलेल्या फोटोकडे पाहिलं.

फोटो वर्तमानपत्राच्या पानाएवढा होता. डावीकडे उभा कडा, वर फाटत गेलेले ढग, मध्ये ओलं गवत आणि खाली उजव्या कोपऱ्यात नुसता काळोख. बघणाऱ्याच्या पोटात खड्डा पडावा असा.

श्रीरंगचे सगळेच फोटो असे. रंग त्याला चालत नसे. ऊन तर मुळीच नाही. पुण्यातले लोक त्याला काळ्याचा बादशहा म्हणत, आणि तो मोठ्या संकोचानं म्हणे, “काय म्हणालात? ऐकू नाही आलं.” म्हणजे ते पुन्हा म्हणायचे.

हे काम तो शिकला मात्र इथेच. घाटाच्या पायथ्याच्या या गावात, चाचांच्या स्टुडिओत, पंधरा वर्षांपूर्वी. आता स्टुडिओची पाटी उतरली होती. मागची डार्करूम तेवढी चाचांनी चालू ठेवली होती, आणि औषधांनी तपकिरी झालेली स्वतःची नखं.

“कुठे काळं हवंय?” चाचांनी विचारलं.

“या कोपऱ्यात.”

“तिथे काळंच आहे.”

“नाही. थोडं करडं राहतंय. हे बघा, इथे.”

चाचांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि कागदाला नाक टेकवलं. बराच वेळ पाहिलं.

“मला नाही दिसत.”

“मला दिसतं.”

“आणखी कुणाला दिसतं?”

“...कुणाला नाही.”

चाचा खुर्चीत मागे टेकले. श्रीरंगला त्यांची ही सवय माहीत होती. ते असे टेकले की पुढचा प्रश्न वाईट असायचा.

“मग कोपरा कापून टाक.”

“कापायचा तर खालची पट्टीच कापावी लागते, मग कड्याचं पाऊलही जातं, चाचा. फोटो लंगडा होतो. परवा प्रदर्शन आहे. हाच फोटो दारासमोर लागणार, चार फुटांचा. चार फुटांवर ते करडं...” तो थांबला. “एवढं माझ्यासाठी करा. तुमच्यासारखा काळा रंग कुणाला जमत नाही.”

स्तुतीनं विरघळण्याचं चाचांचं वय केव्हाच उलटून गेलं होतं.

“निगेटिव्ह आणलीस?”

श्रीरंगचा हात बॅगेवर गेला आणि तिथेच राहिला. खरं तर ती त्याला आणायची नव्हती. पण निगेटिव्हशिवाय काळं तरी कशातून करणार?

“आणली आहे.”

“दे.”

चाचांनी ती खिडकीशी धरली आणि डोळ्याला भिंग लावलं. बाहेर श्रावणातली दुपार होती, पण घाटमाथा धुक्यात बुडाला होता आणि उजेड कसाबसाच आत येत होता.

निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. काळं ते पांढरं आणि पांढरं ते काळं. श्रीरंग चाचांच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. चेहरा हलला नाही. भिंग मात्र कोपऱ्यापाशी येऊन थांबलं.

“ढग वाहून गेलेत,” चाचा म्हणाले. “गवत पुसलं गेलंय. शटर किती वेळ उघडं ठेवलंस?”

“तीन मिनिटं. लेन्सपुढे उजेड अडवणारा दाट फिल्टर लावला होता. ढग असे ओढल्यासारखे यावेत म्हणून.”

“हं... आणि कोपऱ्याला जादा उजेड किती दिलास?”

या कामाची हीच उफराटी तऱ्हा आहे. कागदावर जितका जास्त उजेड टाकावा, तितका कागद काळा होतो. पुठ्ठ्याला भोक पाडायचं आणि त्या भोकातून नको त्या जागेवर उजेड ओतत राहायचं. ती जागा नाहीशी होते.

“चाळीस सेकंद,” श्रीरंग म्हणाला.

“आणि तरी जात नाही?”

“नाही जात.”

“पांढरं असेल. पांढऱ्याला वेळ लागतो.” चाचा उठले. “चल आत.”

डार्करूममध्ये तांबडा दिवा लागला. दार बंद झालं. तोच जुना आंबूस वास आला. पण विशीत ज्या खोलीत तो रमायचा, तिथे आज श्रीरंगला दाराची कडी कुठे आहे ते आधी पाहून ठेवावंसं वाटलं.

चाचांनी एन्लार्जरचं, फोटो मोठा करणाऱ्या यंत्राचं, डोकं वर सरकवायला घेतलं. वर, आणखी वर, अगदी शेवटपर्यंत. कडा कागदाबाहेर गेला. ढग गेले. गवत गेलं. कागदावर कोपरा तेवढा उरला.

“चाचा, मला पूर्ण फोटो...”

“गप.”

भोकाचा पुठ्ठा भिंतीला अडकवलेला होता. चाचांनी त्याला हात लावला नाही. दिवा लागला. दहा आकडे मोजून विझला. मग त्यांनी तो अजून कोराच दिसणारा कागद श्रीरंगच्या हातात दिला.

“ट्रेमध्ये तूच टाक.”

“तुम्ही टाका ना.”

“माझे हात थरथरतात.”

चाचांचे हात अगदी स्थिर होते. कागद औषधात बुडाला. चाचा ट्रे सावकाश हलवू लागले.

आधी काहीच नव्हतं. मग उजवीकडचे खडक काळे झाले. मग दोन खडकांमधली फट उमटली. कड्यावरून खोल दरीत उतरणारी नाळ होती ती, तिचं तोंड. मग करवंदीची जाळी, दगड, चिखल... सगळं भराभर काळं होत गेलं. मधलं तेवढं झालं नाही.

पांढरं मुंडासं. पांढरी बंडी. नाळेच्या तोंडाशी माणूस उभा होता.

श्रीरंगनं मान फिरवली.

“बघ,” चाचा म्हणाले.

“मी पाहिलंय.”

“केव्हा?”

“घरी गेल्यावर. फिल्म धुतली तेव्हा. तीन आठवड्यांनी.”

“कोण आहे ते माहीत आहे?”

श्रीरंगला ते माहीत होतं. गेल्या भाद्रपदात कड्यावरच्या धनगरवाड्यातला धाकू आखाडे चुकलेली म्हैस शोधायला गेला आणि परत आला नाही. म्हैस दुसऱ्या दिवशी आपल्या पायांनी घरी आली. वाड्यातले लोक काठ्या आणि दोर घेऊन निघाले, तेव्हा वाटेत त्यांना श्रीरंग भेटला. त्यांनी हात जोडून विचारलं होतं, दादा, तुम्ही काल दुपारभर नाळेसमोर होता, कुणी उतरलं का तिथून?

आणि श्रीरंगनं छाती पुढे काढून सांगितलं होतं, “माझ्या नजरेतून काही सुटत नाही. इथून कुणी गेलेलं नाही.”

लोकांनी त्याच्या मोठ्या कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि विश्वास ठेवला. चार दिवस सगळा वाडा कड्याच्या दुसऱ्या अंगाला शोधत फिरला. नाळेत कुणी उतरलंच नाही.

“मला खरंच दिसला नव्हता, चाचा. मी ढगांकडे बघत होतो... आईशप्पथ.”

“मग कळल्यावर?”

तांबड्या उजेडात पाण्याचा नळ ठिबकत होता.

“कळल्यावर काय केलंस, श्रीरंग?”

“तीन आठवडे झाले होते. आता सांगून काय उपयोग, म्हटलं.” तो भराभर बोलू लागला. “आणि फोटो इतका चांगला आला होता. तसा फोटो मला जन्मात मिळाला नव्हता. मी कोपरा काळा केला. कुणालाच दिसत नाही तो, कुणालाच नाही. मला दिसतो. आता तर फोटो समोर नसला तरी दिसतो. मी झोपायच्या खोलीतला दिवा बंद करत नाही. भीती वाटते हो, चाचा... तो माझ्याकडे बघतोय!”

काळ्याच्या बादशहाचा आवाज लहान मुलासारखा चिरकला.

चाचांनी चिमट्यानं कागद उचलला, हायपोच्या द्रावणातून काढला आणि नळाखाली धरला. मग दार उघडलं आणि दोघं बाहेरच्या मळकट उजेडात आले.

“चालता माणूस तीन मिनिटांच्या फोटोत उमटतो का?” चाचांनी विचारलं.

“नाही.”

“का?”

“हलतो म्हणून. पुसला जातो. गवतासारखा.”

“हा तर मुंडाशाच्या घडीसकट उमटलाय.”

हे गणित श्रीरंगला येत होतं. अकरा महिने ते त्यानं मांडलं नव्हतं, इतकंच.

“म्हणजे तो तीन मिनिटं उभा होता,” तो अखेर म्हणाला. “न हलता.”

“आणि कुठे बघत होता?”

“माझ्याकडे... पण का? हाक मारायची. दगड मारायचा. म्हैस पाहिली का म्हणून विचारायचं. नुसता उभा का राहिला?”

चाचांनी ओला फोटो टेबलावर ठेवला. त्या माणसाचे दोन्ही हात मांड्यांना चिकटलेले होते. हनुवटी वर होती. टाचा जुळलेल्या होत्या. डोळे समोर, ताठ, पापणीसुद्धा मिटणार नाही असे.

चाचा त्याच्याकडे बघत राहिले, आणि मग एकदम थकल्यासारखे खाली बसले.

“हे असं उभं राहायला मी शिकवलंय.”

“तुम्ही?”

“चाळीस वर्षं झाली. कागदपत्रांसाठी सगळ्या धनगरवाड्याचे फोटो काढायचे होते. मी लाकडी कॅमेरा डोक्यावर घेऊन वर गेलो. पावसाळी दिवस, उजेड नाही, आणि लोक सारखे हलायचे. निगेटिव्हच्या काचा फुकट जायच्या. मग मी दम भरला. हात खाली, मान वर, कॅमेऱ्याकडे बघायचं. मी ‘झालं’ म्हणेपर्यंत जो हलेल, त्याचं नाव कागदावरून जाईल.”

“मग?”

“मग कुणी हललं नाही. एक पोरगा होता सात-आठ वर्षांचा. मी ‘झालं’ म्हणायला विसरलो आणि चहा प्यायला गेलो. परत आलो तर तसाच उभा. डोळ्यांतून पाणी, पण हलला नाही. वाड्यातले सगळे हसले. मीही हसलो.”

“तो...”

“धाकू.”

श्रीरंगनं खुर्चीची पाठ धरली.

“तो तुझ्यावर रागावलेला नाही रे,” चाचा म्हणाले. “म्हैस शोधत आला. समोर तीन पायांवर कॅमेरा, आणि तो आपल्यावर रोखलेला. त्याला वाटलं, आपला फोटो चाललाय. साहेबाचा फोटो बिघडू नये म्हणून उभा राहिला.”

अकरा महिने श्रीरंग त्या नजरेला भ्यायला होता. ती नजर आपल्यासाठी ताटकळत होती हे कळल्यावर त्याला जी भीती वाटली, तिच्यापुढे आधीची काहीच नव्हती.

“तीन मिनिटं झाल्यावर तू काय केलंस?”

“धुकं आलं. एकदम आलं. समोरचा हात दिसेना.” श्रीरंगची मान खाली गेली. “मला धुक्याची भीती वाटते, चाचा. मी काळोखाचे फोटो काढतो, पण काळोख व्हायच्या आत खाली उतरतो. नेहमीच. मी सामान गोळा केलं आणि पळालो.”

“काही न बोलता?”

“कुणाशी बोलणार? माझ्या लेखी तिथे कुणी नव्हतंच!”

चाचांनी चष्मा काढून पुसला.

“तो किती वेळ उभा राहिला असेल?” श्रीरंगनं हळूच विचारलं. “धुक्यात?”

चाचांनी ओला फोटो फडक्यानं टिपला.

“चाचा, किती वेळ?”

चाचांनी निगेटिव्ह पाकिटात घातली आणि फोटोसकट त्याच्या पुढ्यात सरकवली. पुण्याहून आणलेला मोठा फोटो टेबलावर तसाच पडून होता. श्रीरंगनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“त्याच्या बायकोला सांगतो,” तो म्हणाला. “वाड्यात सगळ्यांना सांगतो. नाळेत शोधा म्हणून सांगतो. मारतील मला.”

“मारतील.”

“आत्ताच जातो. पण... वर धुकं आहे.”

चाचांनी खुंटीवरची छत्री काढून त्याच्या हातात दिली आणि दार उघडलं.

“वाड्यात मागाहून जा. आधी नाळेच्या तोंडाशी उभा राहा, आणि मोठ्यानं म्हण... झालं.”