धुरपदाआईने अडवलेला गाडा

नदीला बारा महिने पाणी असायचं, तेव्हाची ही गोष्ट. काठाने ओळीत सात गावं होती. सगळ्यात वर उंबरमाळ, सगळ्यात खाली निंबखेडं. उंबरमाळात धुरपदा नावाची सुईण होती. सात गावांतली निम्मी माणसं तिच्याच हातांवर जन्मली, असं म्हणतात.

एका साली उंबरमाळात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली. तेव्हाची रीत अशी, की मरीआईला गाड्यात बसवायचं, आजाऱ्यांची अंथरुणंही त्यातच घालायची आणि गाडा वाजतगाजत पुढच्या गावाच्या शिवेवर सोडायचा. ते गाव तो आणखी पुढे ढकलायचं. आपली पीडा गेली, एवढंच प्रत्येकाला कळायचं. कुठे गेली, हे कोणी विचारत नसे.

धुरपदाची लेक निंबखेड्याला दिली होती. तिला आठवा महिना होता. आणि निंबखेड्याच्या पुढे गावच नव्हतं, म्हणजे गाडा तिथेच राहणार.

धुरपदा गाड्यापुढे आडवी झाली. एका लेकीपायी सगळं गाव मारतीस काय, असं पाटलाने विचारलं.

"व्हय, लेकीपायीच," ती म्हणाली. "तुमच्या किती दिल्यात खाली, ते आठवा. मरीआईला हितंच ऱ्हाऊ द्या, मी करते तिची सेवा. पर ही अंथरुणं खाली जायची न्हाईत."

सात बैलजोड्या जुंपल्या, तरी चाक वीतभर हललं नाही, असं म्हणतात. शेवटी अंथरुणं तिथेच जाळली. मग धुरपदा एकाच दिवशी सातही गावांत दिसली. प्रत्येक गाव सांगतं, ती आमच्याच चुलीपाशी बसली आणि पाणी खळखळा उकळेपर्यंत उठली नाही.

तरी उंबरमाळातले लोक आजाऱ्यांचे कपडे नदीतच धूत होते. आमचं पाणी चांगलं आहे, पाटील म्हणाला. धुरपदाने त्याला निंबखेड्याला नेलं. लेकीने नदीचं पाणी तांब्यात भरून पुढे केलं आणि म्हणाली,

"प्या, पाटील. तुमच्याच गावावरनं आलंय."

पाटलाचा हात थरथरला. त्याने तांब्या खाली ठेवला आणि त्याच पावली परत जाऊन नदीवरचं धुणं बंद केलं. महिन्याभराने तो पुन्हा आला, तेव्हा लेकीच्या मांडीवर बाळ होतं. त्या दिवशी तो तांब्याभर पाणी प्याला.

आजही धुरपदाआईच्या जत्रेच्या सकाळी उंबरमाळचा सरपंच पायी निंबखेड्याला जातो आणि सगळ्यांदेखत तिथलं नदीचं पाणी पितो. पोरं त्याच्या हाताकडे टक लावून बघतात. हात थरथरला, तर ढोल वाजत नाहीत. सातही गावं फावडी घेऊन आधी नदी साफ करायला जातात.