कोरे रकाने

फार फार वर्षांपूर्वी, माणसं गावागावांतलं अंतर पायी चालून आणि मुक्काम करून मोजत, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी तर जरूर ऐकावी.

डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. राजधानी तिथून दोन दिवसांच्या वाटेवर. गावात घोंगड्या विणणारे, मडकी घडवणारे, तेल गाळणारे असे कारागीर राहत. राजाचा कायदा साधा होता. दरवर्षी चैत्री पौर्णिमेचा सूर्य मावळायच्या आत प्रत्येक कारागिरानं आपल्या धंद्याचा कागद कचेरीत पोचवायचा. वर्षभरात माल किती घेतला, किती घडवला, किती विकला आणि त्यावर राजाचा कर किती होतो, एवढं त्यात लिहिलेलं असायचं. कागद वेळेत गेला की वर्षभर कुणी काही विचारत नसे. नाही गेला, तर कारागिराच्या अवजारांना मोहोर लागे, ती पुढच्या चैत्रालाच निघे.

कारागिरांना लिहिता येत नसे. म्हणून सगळे जण त्र्यंबकपंतांकडे जात. पंतांचं अक्षर मोत्यासारखं होतं. त्यांचा कागद कचेरीतून कधी परत आला नव्हता. लोक त्यांच्या ओसरीवर येत, तोंडी हिशेब सांगत. पंत म्हणत, "हे काम आत बसून शांतपणे करावं लागतं. परवा ये." आणि परवा कागद तयार असे. पंतांच्या पत्नी, ज्यांना सारं गाव काकू म्हणे, आलेल्याला ताक देत आणि पुन्हा आत जात.

एका श्रावणात काकू तापानं गेल्या. सारं गाव हळहळलं. पंत महिनाभर ओसरीवर आले नाहीत. मग एके दिवशी पुन्हा येऊन बसले, समोर दौत ठेवली, आणि लोकांना वाटलं, चला, पंत सावरले.

त्याच गावात म्हाळू नावाचा घोंगड्या विणणारा राहत होता. साठी उलटलेली, पाठ वाकलेली, पण हात अजून खणखणीत. त्यानं विणलेलं घोंगडं पावसात मेंढपाळाला दिवसभर कोरडं ठेवी. त्याचा हिशेब ठेवायची रीत न्यारी होती. काळ्या लोकरीच्या एका दोरीवर तो गाठी मारी. घोंगडं विकलं की एक गाठ, धान्याच्या बदल्यात दिलं की दुहेरी गाठ, लोकर विकत घेतली की पांढरा धागा. माघ महिन्यात त्यानं ती दोरी नेहमीसारखी पंतांच्या हाती दिली.

"पंत, गाठी मोजून घ्या. यंदा दुहेरी जास्त आहेत."

पंतांनी दोरी हातात घेतली. बराच वेळ ते तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ठेवून जा म्हाळू. झालंच समज."

म्हाळू दोन दिवसांनी गेला. पंत म्हणाले, "थोडं राहिलंय." आठ दिवसांनी गेला. पंत म्हणाले, "अरे, तुझाच कागद घेऊन बसणार होतो." फाल्गुनात गेला. पंतांनी त्याला बसायला चौरंग दिला, स्वतः उठून पाणी आणलं, नातवंडांची चौकशी केली, आणि कागदाचा विषय काढला नाही. म्हाळूलाही तो काढायचा धीर झाला नाही.

घरी त्याची बायको लिंबाई वाट बघत होती. "आणला का कागद?"

"देतील. मोठा माणूस आहे, कामं पुष्कळ असतात."

"अवो, मग दोरी तरी परत आणा. दुसऱ्या गावच्या पंतोजीकडनं करून घेऊ."

"तसं कसं म्हणायचं, लिंबे? माझ्या बापाचा कागद त्यांनी लिहिलाय. दोरी परत मागायची म्हणजे तोंडावर सांगितल्यासारखं होतं, की तुमच्यावर भरवसा नाही."

लिंबाई गप्प बसली. आपण गप्प बसलो, याचं दुःख तिला पुढे जन्मभर झालं.

चैत्र लागला. पाडवा गेला, रामनवमी गेली. त्रयोदशीच्या सकाळी लिंबाईनं डोक्यावर पदर घेतला आणि नवऱ्याला न विचारता ती पंतांच्या ओसरीवर जाऊन उभी राहिली.

"पंत, आमचा कागद द्या."

"लिंबाई, आज संध्याकाळी..."

"संध्याकाळी नको. जेवढा झालाय तेवढा दाखवा. मला वाचता येत नाही, पण भरलेलं आणि रिकामं कळतं."

पंत उठले नाहीत. त्यांची नजर खाली गेली. लिंबाई पायरी चढून वर आली. भिंतीशी लाकडी पेटी होती. ती म्हणाली, "यात आहे ना?" पंतांनी मान डोलावली. तिनं झाकण उघडलं.

आत गावाचे सगळे कागद होते. कुंभाराचा, तेल्याचा, चांभाराचा, सुताराचा. प्रत्येकाच्या माथ्यावर ते मोत्यासारखं अक्षर. खाली आखलेले रकाने. आणि रकान्यांत काहीही नव्हतं. एकाही कागदावर एक आकडा नव्हता. तळाशी म्हाळूची दोरी होती, जशी दिली तशी गुंडाळलेली.

लिंबाईला आधी राग आला. मग तिनं पंतांकडे पाहिलं, आणि रागाच्या जागी भीती आली. म्हातारा माणूस लहान पोरासारखा ओठ दाबून बसला होता.

"पंत, हे काय आहे?"

"मला आकडे येत नाहीत, लिंबाई."

तिला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"कधीच येत नव्हते," पंत म्हणाले. "बेरीज केली की दर वेळी निराळी येते. अक्षर माझं. हिशेब सगळा ती करायची, तुमची काकू. आत बसून. तुझ्या नवऱ्याची दोरी बोटांतून एकदा सरकवली, की तिला सगळं कळायचं. मी नुसता तिनं सांगितलेलं उतरवून घ्यायचो. चाळीस वर्षं लोक मला शहाणा म्हणत राहिले आणि मी ऐकत राहिलो. ती म्हणायची, म्हणू देत की. ती गेल्यावर कुठल्या तोंडानं सांगणार होतो? रोज वाटायचं, आज बसू, आज जमेल. रोज एक कागद काढायचो, नाव लिहायचो. पुढे हात चालायचा नाही."

लिंबाई खालीच बसली. म्हणाली, "हे माघात सांगितलं असतं, तर आम्ही तुम्हाला काय खाल्लं असतं?"

पंतांनी पेटीचं झाकण लावून घेतलं.

"उठा," ती म्हणाली. "चावडीवर चला. सगळ्यांना सांगा."

"उद्या सांगतो. आजचा एक दिवस..."

"पंत, उद्याचा दिवस आमच्याजवळ नाही."

ते उठले, कागदांची पेटी उचलली. गावानं पहिल्यांदाच त्र्यंबकपंतांना अनवाणी रस्त्यानं जाताना पाहिलं. चावडीवर त्यांनी सगळं सांगितलं, काही न लपवता. कुणी ओरडलं. कुणी कपाळाला हात लावला. कुंभाराची म्हातारी आई म्हणाली, "आमच्या पोरांच्या तोंडचा घास होता तो, पंत." त्यावर पंत फक्त हात जोडून उभे राहिले. मग ज्यानं त्यानं आपापला कागद उचलला आणि शेजारच्या गावच्या पंतोजींकडे धाव घेतली.

पंतोजी भला माणूस. त्यानं शाळेला सुट्टी दिली आणि हिशेब करायला बसला. पण तो एकटा आणि माणसं दहा-बारा. जो आधी आला त्याचं आधी, असं ठरलं. तरण्या पायांची माणसं पुढे पोचली. म्हाळू लिंबाईबरोबर सगळ्यांत शेवटी पोचला. दिवस मावळता मावळता तेल्याची बैलगाडी, ज्या तिघांचे कागद झाले होते त्यांना घेऊन, राजधानीकडे निघाली. म्हाळूनं ती जाताना पाहिली.

त्याची पाळी दुसऱ्या दिवशी दुपारी आली. पंतोजींना गाठींचा अर्थ कळेना. म्हाळूनं एकेक गाठ समजावून सांगितली. कागद पुरा झाला तेव्हा ऊन कलंडलं होतं. कमरेला भाकरी बांधून म्हातारा चालू लागला. लिंबाई म्हणाली, "मी येते." तो म्हणाला, "तुझ्यानं माझ्याबरोबर चालवणार नाही. आज मला पळायचंय."

तो पळाला, जेवढं साठीतल्या माणसाला पळता येतं तेवढं. पौर्णिमेचा सूर्य मावळला तेव्हा राजधानीची तटबंदी त्याला लांबून दिसत होती.

सकाळी कचेरीच्या दारात कारकुनानं त्याचा कागद हातात घेऊन नीट वाचला. "बाबा, हिशेब चोख आहे," तो म्हणाला. "पण वही काल बंद झाली."

"एका रात्रीचा फरक आहे, साहेब."

"माझ्या हातात असतं तर घेतला असता." कारकुनानं कागद दोन्ही हातांनी परत दिला. तो वाईट माणूस नव्हता. त्यामुळे म्हाळूला भांडताही आलं नाही.

आठ दिवसांनी शिपाई आले आणि म्हाळूच्या मागाला मोहोर लावून गेले. गावात तिघांना सोडून बाकी सगळ्यांच्या अवजारांना मोहोर लागली. कुंभार भावाकडे राबायला गेला. सुतारानं गाव सोडलं. लोकांनी कसंबसं वर्ष काढायचं ठरवलं. जी तरुण होती, ती काढणार होती.

म्हाळूला मात्र दुसरं काही येत नव्हतं. शेजारच्या गावात त्याला लोकर पिंजायचं काम मिळालं. तिथून परत आला की तो मागासमोर बसे. लिंबाई जेवायला हाक मारी, तर म्हणे, "बसतो जरा." त्याचे हात मांडीवर हलत राहत, उजवा डावीकडे, डावा उजवीकडे, जसा मागावरचा धोटा जावा-यावा.

पहिली थंडी पडली तेव्हा डोंगरावरचे मेंढपाळ नेहमीसारखे दारात आले. "बाबा, घोंगडं?"

"यंदा नाही," म्हाळू म्हणाला. चाळीस वर्षांत हे शब्द त्यानं उच्चारले नव्हते. मेंढपाळ गेले, आणि तो आत येऊन भिंतीकडे तोंड करून निजला.

पौष महिन्यात म्हाळू गेला. वैद्य म्हणाला, छातीत थंडी भरली. लिंबाईनं ते ऐकून घेतलं.

पंत अंत्ययात्रेत सगळ्यांच्या मागे चालत होते. त्यांच्याशी कुणी बोललं नाही, त्यांना कुणी हाकललंही नाही. चैत्र जवळ आला तेव्हा ते एकटेच राजधानीला गेले आणि कचेरीतल्या मोठ्या अधिकाऱ्यासमोर उभे राहिले.

"माझ्यामुळे एक माणूस मेला आणि एक गाव उठलं. मला शिक्षा द्या."

अधिकाऱ्यानं विचारलं, "तुम्ही खोटे आकडे लिहिलेत?"

"नाही. आकडे लिहिलेच नाहीत."

"कुणाचे पैसे खाल्लेत?"

"नाही."

"मग मी तुमच्यावर कोणता गुन्हा लिहू, आजोबा? 'उद्या देतो' म्हणण्याला आमच्या कायद्यात शिक्षा नाही."

पंत तसेच परत आले. शिक्षा मिळाली असती तर ती कधीतरी संपली असती.

पौर्णिमेनंतर शिपायांनी म्हाळूच्या मागावरची मोहोर काढली. लिंबाईनं मागावरची धूळ पुसली आणि स्वतः विणायला बसली. तिला नवऱ्यासारखं विणता येत नव्हतं. पण मेंढपाळांना पाऊस लागायच्या आत घोंगडी हवी होती. दारात सावली पडली म्हणून तिनं वर पाहिलं. पंत उभे होते.

"लिंबाई, मी काय करू, ते तू सांग."

तिनं हातातलं काम थांबवलं. तिचे डोळे भरून आले, पण आवाज हलला नाही.

"माझा माणूस तुम्ही परत आणू शकत नाही, पंत. तुम्ही एवढंच करा. पुढचा जो कुणी कागद घेऊन येईल, त्याला पहिल्याच दिवशी खरं ते सांगा. माझ्या घरधन्याला ते माघात कळलं असतं, तर आज या मागावर तो बसला असता."

एवढं बोलून ती पुन्हा विणू लागली.

पंत त्यानंतर सहा वर्षं जगले. कधीतरी एखादा परगावचा माणूस त्यांच्या अक्षराची कीर्ती ऐकून ओसरीवर येई. पंत त्याला हातातलं गाठोडं खाली ठेवू देत नसत. आधी म्हणत, "दादा, मला नुसतं लिहिता येतं. हिशेब मला येत नाही. तो माझी बायको करायची. भागीरथी तिचं नाव." माणूस मान डोलवून गाठोडं घेऊन पंतोजींच्या गावाकडे निघून जाई. आणि पंत रिकाम्या ओसरीवर बसून राहत.

तात्पर्य: जे काम आपल्याला जमणार नाही ते लाजेपोटी धरून ठेवणारा माणूस दुसऱ्याचा वेळ खातो, आणि गेलेला वेळ पश्चात्तापानंही परत करता येत नाही.