चुलवणातलं ऊन

आपल्या खापरपणजीनं ज्यांची नावंसुद्धा ऐकली नव्हती, अशा लोकांच्या काळातली ही गोष्ट. लहानांनी ऐकावी आणि मोठ्यांनी तर कान उघडून ऐकावी, कारण चूक मोठ्यांचीच आहे.

नदीकाठी एक गाव होतं. गावात दोन जावा होत्या. वाटण्या झाल्यावर दोघींनी आपापलं गुऱ्हाळ घातलं, अंगणाला अंगण लागून. बैल चरक फिरवायचा, उसाचा रस निघायचा. तो रस मोठ्या काहिलीत ओतायचा, खाली चुलवण पेटवायचं आणि रस आटवून गुळाच्या ढेपा पाडायच्या. रस आटेपर्यंत आच तुटता कामा नये. मध्येच विझलं, तर गूळ बसत नाही.

गावाची रीत अशी की, पिळलेल्या उसाची चिपाडं अंगणभर उन्हात पसरायची. खडखडीत वाळली की तीच चुलवणात घालायची. थोरली तसंच करी. सकाळ-संध्याकाळ चिपाडं उलटीपालटी करून तिचे हात खरचटलेले असत.

धाकटीला हे पटेना. "अक्का, हे अंगण आहे की उकिरडा? पाव्हणा आला तर बसवायचं कुठं?"

"पाव्हण्याला गूळ हवा असेल तर बसेल चिपाडावर," थोरली म्हणाली.

धाकटीनं आपली चिपाडं खड्ड्यात लोटली. तिथं ती कुजली. अंगण झाडून, सारवून लख्ख केलं. आणि जळणासाठी? बांधावरच्या बाभळी तोडल्या. बाभळीची आच कडक. थोरलीच्या आधी धाकटीची ढेप तयार होई. मग ती कमरेवर हात ठेवून विचारी, "काय अक्का, झालं का तुमचं?"

पुढच्या हंगामात ओढ्याकाठच्या जांभळी गेल्या. त्याच्या पुढच्या हंगामात शिवारात जे काही उभं होतं, ते सगळं गेलं.

आणि एका दुपारी, काहिलीत वर्षाच्या उसाचा शेवटचा रस उकळत असताना, धाकटीनं मागं हात घातला तर लाकूड संपलेलं. या रसावर तिच्या घराचं वर्ष होतं.

ती बैलाकडं धावली. "अरे, जोरात फिर ना!"

बैल म्हणाला, "बाई, मी फिरलो तर रस निघेल, आच नाही निघणार. माझ्यात जे बळ आहे ते चारा म्हणून खाल्लेल्या उसाच्या वाढ्यांचं. ते ओढायच्या कामाचं, उकळायच्या नाही."

तिनं वाऱ्याला हाक मारली. वारा आला, निखाऱ्यांवर फुंकर घालून बघितली आणि म्हणाला, "असलेली आग मी वाढवतो. नसलेली कुठून आणू?" आणि गेला निघून. वारा कुणासाठी थांबतो?

तिनं परसातला शेवगा कापून चुलवणात कोंबला. ओलं लाकूड! नुसता धूर. डोळे चोळत ती उन्हाकडं वळली. "सूर्यदेवा, आता तूच काहील तापव!"

सूर्य म्हणाला, "एका दुपारीत काहील उकळेल एवढं ऊन मी कधीच देत नाही. मी थोडं थोडं देतो, रोज देतो. ते ऊन पिऊन ऊस वाढला, बैलाचा चारा वाढला. तुझ्या बाभळीत कितीतरी वर्षांचं ऊन साठलं होतं, ते तू जाळून टाकलंस. आणि रोज तुझ्या अंगणात उतरलो, तर तिथं वाळवायला काहीच नव्हतं."

शेवटी ती थोरलीच्या दारात गेली. "अक्का, चार भारे चिपाड द्या. पाया पडते."

थोरलीनं आपल्या चुलवणाकडं पाहिलं. "माझ्या काहिलीपुरतंच आहे गं. दिलं तर तुझाही गूळ बसणार नाही आणि माझाही. खायला मात्र ये. दोन्ही घरं माझ्या गुळावर वर्ष काढतील."

धाकटीची काहील थंड झाली. रस ना गूळ झाला ना धड काकवी. आंबला आणि गुरांपुढं ओतावा लागला. वर्षभर तिनं जावेच्या हातचा गूळ खाल्ला, आणि दुसऱ्याच्या हातचं गोडही घशाखाली उतरत नाही, हे तिला कळलं.

पुढच्या हंगामात तिनं चिपाडं पसरली. पावसाळ्याच्या तोंडावर बांधावर बाभळीच्या बिया टोचल्या.

थोरलीनं विचारलं, "यांचं जळण कधी करणार?"

"सलग पाऊस लागून चिपाडं भिजतील त्या वर्षी," धाकटी म्हणाली. "एरवी हात लावणाऱ्याचा हात मोडीन."

तात्पर्य: रोज मिळणारी शक्ती रोज वापरावी, आणि वर्षानुवर्षं साठलेली अडीनडीसाठी राखावी.